वाचक विचारतात: जुना लूप, नवी मशीन

या वेळी कोल्हापूर आणि आसपासच्या भागातून एकाच विषयावर बरीच पत्रं आली आहेत. विषय आहे पाण्याने थंड होणारा, सुटे भाग आणून जोडलेला डेस्कटॉप. त्यात पाणी ज्या बंद वाटेने फिरतं तिला लूप म्हणतात. तयार, सीलबंद कूलरबद्दलची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. ज्यांनी ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा), पंप, टाकी, नळ्या स्वतः जोडल्या आहेत त्यांचीच पत्रं इथे घेतली आहेत.

२०२० साली जोडलेली मशीन आहे. रायझन ७ ३७००एक्स आणि आरटीएक्स २०८० सुपर, दोन्हींवर पाण्याचे ब्लॉक. वर ३६० आणि समोर २४० चा रेडिएटर, डी५ पंप, १०/१६ ची (आतून १०, बाहेरून १६ मिलिमीटर) मऊ पारदर्शक नळी, ७५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). थ्रीडी रेंडरिंगचं काम वाढल्यामुळे रायझन ९ ९९५०एक्स आणि आरटीएक्स ५०८० घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो सगळंच नवं घ्या. खरंच घ्यावं लागेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

सगळं नको. दोन्ही रेडिएटर, पंप, टाकी आणि बहुतेक फिटिंग राहतील. प्रोसेसरचा ब्लॉक राहील की नाही हे एका स्क्रूवर ठरेल. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक मात्र नक्की जाणार.

आधी उष्णतेचा हिशेब करू. जुना प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट आणि कार्ड २५० वॅट, म्हणजे ३४० च्या आत. नव्यात प्रोसेसर २३० आणि कार्ड ३६०, एकूण ५९०. तुमच्याकडे १२० मिलिमीटरच्या पाच पंख्यांइतका रेडिएटर आहे, म्हणजे एका पंख्यामागे साधारण ११८ वॅट. पंखे हजार-बाराशे फेऱ्यांवर असतील, तर एका पंख्यामागे १०० वॅट धरले की पाणी खोलीच्या हवेपेक्षा दहाएक अंश गरम राहतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे तुमचं पाणी बारा-तेरा अंश वर राहील. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३४ अंश असतील तर पाणी ४६-४७ वर जाईल. पंपाची मर्यादा ६० अंश आहे, तेव्हा नवा रेडिएटर घ्यायची गरज नाही. त्यातून प्रोसेसरला बायोसमध्ये १०५ वॅटच्या इको मोडवर ठेवलंत तर तो १४२ वॅटच्या पुढे जात नाही. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण जवळजवळ ९० वॅट उष्णता फुकटात कमी होते. उन्हाळ्याचे तीन महिने तरी हे कराच.

आता प्रोसेसरच्या ब्लॉकचं. जुना प्रोसेसर एएम४ सॉकेटच्या बोर्डवर बसतो, नव्याला एएम५ सॉकेटचा नवा बोर्ड लागेल. एएम५ च्या चार भोकांमधलं अंतर एएम४ इतकंच आहे. फरक पाठीमागच्या पट्टीत आहे. एएम४ बोर्डवर ती काढून ब्लॉकबरोबर आलेली दुसरी पट्टी लावता येत होती. एएम५ वर ती सॉकेटचाच भाग आहे, काढता येत नाही. तुमचा ब्लॉक बोर्डच्या मूळ पट्टीतच स्क्रू बसवून लावलेला असेल, तर तो एएम५ वरही तसाच बसेल. त्या पट्टीचे आटे ६-३२ यूएनसी, म्हणजे इंची मापाचे असतात. ब्लॉकबरोबर स्वतःची पट्टी आणि एम४ चे (४ मिलिमीटर जाडीचे) स्क्रू आले असतील, तर कंपनीकडून एएम५ चं माउंटिंग किट मागवा. ते मिळत नसेल तरच नवा ब्लॉक. एम४ चा स्क्रू यूएनसीच्या आट्यात जबरदस्तीने फिरवू नका. तो अडकतो, आणि आटे खराब झाले की बोर्ड गेला.

ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक त्या कार्डच्या बोर्डवरच्या एकेका चिपची जागा पाहून कापलेला असतो. म्हणून खरेदी उलट्या क्रमाने करा. आधी ब्लॉक बनवणाऱ्या कंपनीची यादी उघडून ५०८० च्या कोणत्या मॉडेलसाठी ब्लॉक आहे ते पाहा, तो भारतात कुठे मिळतोय याची खात्री करा, आणि मगच तेच कार्ड घ्या. एकाच कंपनीच्या दोन ५०८० कार्डांचे बोर्ड वेगळे असू शकतात. मुंबई-पुण्याहून कार्ड आणल्यावर ब्लॉक मिळत नाही म्हणून ते हवेवरच चालवणारे लोक कमी नाहीत. मूळ कूलर काढला तर वॉरंटीचं काय होतं, हे विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

कार्डवर ब्लॉक चढवताना थर्मल पॅडची जाडी ब्लॉकच्या कागदावर असेल तीच वापरा. मूळ कूलरखालचे पॅड वेगळ्या जाडीचे असतात. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावला तर मेमरी थंड राहते, पण मुख्य चिपवर ब्लॉक टेकत नाही आणि कार्ड मिनिटाभरात तापतं. चिपभोवतीचे चार स्क्रू समोरासमोर, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने घट्ट करा. या चिपला वर धातूचं झाकण नसतं, एका बाजूने दाबली तर कोपरा उडतो. पेस्टऐवजी हनीवेलच्या पीटीएम ७९५० जातीचा फेज-चेंज पॅड लावला तर उत्तम. उघड्या चिपवरची पातळ पेस्ट तापण्या-थंडावण्याच्या चक्रात हळूहळू कडेला ढकलली जाते, आणि वर्षाभरात तापमान चढायला लागतं. हा पॅड जागा सोडत नाही.

एसएमपीएस बदला. एनव्हिडिया ५०८० साठी ८५० वॅट सांगते. ९९५०एक्ससोबत १००० वॅटचा, एटीएक्स ३.१ चा घ्या, म्हणजे कार्डसाठी १२व्ही-२×६ ची केबल थेट मिळेल. ती केबल खट्ट होईपर्यंत आत गेली पाहिजे आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाकवू नये. ब्लॉक बसवल्यावर कार्ड बारीक होतं आणि केबल कॅबिनेटच्या काचेला टेकायचा धोका उलट कमी होतो, हा एक आनुषंगिक फायदा. मेमरी डीडीआर५ लागेल. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या घ्या. १६ च्या चार लावल्या की वेग खाली आणावा लागतो.

नळी फेकून द्या. पाच वर्षं वापरलेली पारदर्शक पीव्हीसी नळी धुकट झालेली असणारच. तिला मऊ ठेवणारा द्रव पाण्यात सुटतो आणि प्रोसेसरच्या ब्लॉकमधल्या बारीक पात्यांवर पांढऱ्या सायीसारखा बसतो. नवी घेताना काळी ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) घ्या, १०/१६ चीच, म्हणजे जुनी फिटिंग चालतील. तीन मीटर पुरते. जोडांमधल्या रबरी ओ-रिंग सगळ्या तपासा. चपटी किंवा कडक झालेली बदला, आणि बसवताना बोटावर येईल इतकंच सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियम जेलीने ईपीडीएमची रिंग फुगते.

पंप उघडून धुवा. डी५ चा फिरणारा भाग एका चिनीमातीच्या गोळीवर नुसता टेकलेला असतो, हाताने वर उचलला की निघतो. खालचा गाळ पुसा. गोळी गुळगुळीत असेल तर पंप अजून बरीच वर्षं चालेल.

रेडिएटरमध्ये गरम पाणी अर्ध्यापर्यंत भरून, तोंडं बंद करून, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि पांढऱ्या बादलीत ओता. कण दिसेनासे होईपर्यंत हे करत राहा. शेवटच्या दोन खेपा डिस्टिल्ड पाण्याच्या. परत बसवताना स्क्रूची लांबी मोजा. २५ मिलिमीटरच्या पंख्यामधून ३० चा स्क्रू जातो. पण रेडिएटर थेट कॅबिनेटला लावताना तोच ३० चा स्क्रू घातला तर तो पात्यांमधून जाऊन पाण्याच्या चपट्या नळीला भोक पाडतो. तिथे ५ चा लागतो. रेडिएटर फुकट जाण्याचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे.

लूपमधल्या भागांचा क्रम कोणताही ठेवा, फक्त टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवी. दोन ब्लॉकच्या मध्ये रेडिएटर हवाच असा हट्ट धरणारे भेटतील. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ५०० वॅटने त्याचं तापमान दोन अंशही वाढत नाही. त्या दोन अंशांसाठी नळ्यांचं जाळं करू नका. प्रोसेसरच्या ब्लॉकला मात्र आत जाणारं तोंड ठरलेलं असतं, ते उलटं लावू नका.

गळती तपासायला हवेचा गेज असलेला पंप घ्या. ०.५ बार दाब भरून अर्धा तास ठेवा. काटा हलला नाही तर पाणी भरा. उद्यमनगरात कोणाच्या तरी कारखान्यातला कॉम्प्रेसर लावायचा मोह होईल, तो आवरा. त्याचा दाब सात-आठ बार असतो आणि ॲक्रिलिकची टाकी तेवढ्यासाठी बनलेली नसते. पाणी भरताना एसएमपीएसला फक्त पंप जोडा, बोर्ड आणि कार्डच्या सगळ्या केबल काढून ठेवा, आणि २४ पिनच्या तोंडात जंपर प्लग लावा. तो नसेल तर हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस चालू होतो. हल्लीच्या केबल सगळ्याच काळ्या असतात, तेव्हा प्लगच बरा. पंप दोन-तीन सेकंद चालवा, थांबवा, टाकी भरा, पुन्हा चालवा. पंपात पाणी नसताना तो चालता कामा नये. त्याचं वंगण म्हणजे तेच पाणी. मग सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर फिरू द्या. कॅबिनेट चारी बाजूंनी तिरकं केलं की अडकलेले बुडबुडे टाकीत येतात. उरलेले दोन-चार दिवसांत आपोआप निघतात.

यानंतर पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर पडदा काळाच राहील. पंखे फिरतील, दिवे लागतील, पण काही दिसणार नाही. एएम५ बोर्ड पहिल्या वेळी डीडीआर५ मेमरी जुळवून घेतो आणि त्यात काही मिनिटं जातात. पाणी कुठे तरी गेलं असं वाटून लोक बटण बंद करतात आणि ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही काळाच असेल आणि कार्ड उभं बसवलेलं असेल, तर कार्ड आणि बोर्ड जोडणारी राइजर केबल पाहा. २०२० ची केबल बहुधा पीसीआयई ३ ची असते. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरून मॉनिटर चालू करून बायोसमध्ये स्लॉटचा वेग ३ वर आणला की कार्ड दिसायला लागतं.

पावसाळ्यात आमच्या घरी भिंतींनाही ओल येते. लूपच्या नळ्यांवर बाहेरून पाणी धरेल का? त्यासाठी जून ते सप्टेंबर मशीन बंद ठेवावी का?
— एक वाचिका, फुलेवाडी

बंद ठेवू नका. दव धरायला पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा गार हवा. खोलीत २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या आसपास येतो. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही, त्यामुळे मशीन चालू असताना नळ्या २६ च्या वरच असतात. त्यांच्यावर थेंब येणार नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. बर्फ किंवा चिलर लावून पाणी १५ अंशांवर आणलं तर कोल्हापूरच्या जुलैत बोर्डवर थेंबच पडतील. दुसरं, एसी लावून २२ अंशांवर आणलेली खोली, बंद मशीन, आणि कोणी तरी खिडकी उघडली. अशा वेळी नळ्याच काय, बोर्डही बाहेरच्या दवबिंदूपेक्षा गार असतो. अर्धा तास थांबून मग बटण दाबा.

पावसाळ्यात रेडिएटरवर बसलेली धूळ ओलसर होऊन चिकटते, हा त्याहून मोठा त्रास आहे. मे संपायच्या आत ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरू देऊ नका. साखर कारखान्याच्या आसपास राहत असाल तर गळीत हंगामात काजळीही येते, तेव्हा जानेवारीत आणखी एकदा.

लूपमध्ये कोणतं पाणी भरावं? घरी आरओ आहे. पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं. आमचे एक पाहुणे म्हणतात गाडीचं हिरवं कूलंट घाल, आणि शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाक.
— एक वाचक, शिरोळ

लोक नळ्यांच्या रंगावर हजारो रुपये घालतात आणि आत भरायच्या लिटरभर द्रवावर काटकसर करतात. आमच्याकडे आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक तिथूनच सुरू होतात, म्हणून एकेक घेऊ.

नळाचं पाणी नको. त्यातला कॅल्शियम गरम पृष्ठभागावर साचतो. आरओचंही नको. आरओ क्षार कमी करतो, संपवत नाही, आणि घरगुती यंत्रात चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम परत सोडलेले असतात.

बॅटरीचं पाणी चालेल, पण मोजून. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. सीलबंद कॅनचं पाणी शून्य ते दोन दाखवत असेल तर घ्या. सुट्या डब्यातून ओतून दिलेलं घेऊ नका. बॅटरीच्या दुकानात त्याच आकाराच्या कॅनमध्ये ॲसिडही असतं, लेबल दोनदा वाचा. पाणी शुद्ध असलं तरी ते एकटं पुरत नाही. गंज रोखणारं आणि जंतू मारणारं तयार कॉन्संट्रेट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावंच लागतं. एका लूपला साधारण लिटरभर द्रव लागतो. दोन लिटर तयार ठेवा, भरताना सांडतो आणि पुढच्या आठवड्यात पातळी खाली जाते. डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही म्हणून गळलं तरी चालेल, असं काही जण सांगतील. लूपमध्ये चार दिवस फिरलं की त्यात धातूचे कण आणि क्षार उतरतात, वर बोर्डवरची धूळ असतेच. त्या भरवशावर राहू नका.

गाडीचं कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, गंजरोधक आणि रंग. इंजिनाच्या रुंद वाटांसाठी ते ठीक आहे. ब्लॉकमधल्या दोन पात्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या पाव भागाएवढं असतं. काही कूलंटमधले सिलिकेट तिथे बसतात, आणि द्रव घट्ट असल्याने प्रवाहही मंदावतो. विषारी आहे ते वेगळंच. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचारही नको.

मोरचूद मात्र नकोच. पाहुण्यांचा तर्क अगदीच हवेतला नाही. कॉपर सल्फेटने शेवाळ मरतं, आणि बाजारातल्या काही बायोसाइडमध्ये तेच असतं. पण तिथे लिटरला काही थेंबांचा हिशेब असतो. शेती दुकानातलं मोरचूद द्राक्षबागेच्या फवाऱ्यासाठी असतं. चिमटीचं माप जास्त पडतं, त्यात इतर क्षार असतात, आणि निकेलचा मुलामा उडायला सुरुवात होते. लूपमध्ये कुठे ॲल्युमिनियम असेल तर त्याच्यावर तांब्याचा थर बसून ते पोखरलं जातं.

द्रव वर्षाने बदला. दुधी, अपारदर्शक रंगाचे द्रव फोटोत छान दिसतात, पण त्यातले कण लवकर खाली बसतात. सहा महिन्यांनी ते साफ करायची तयारी असेल तरच घ्या.

प्रोसेसरचं तापमान वर्षाभरात १५ अंशांनी वाढलं. ब्लॉक उघडला तर आत पांढरट चिकट थर आणि थोडा हिरवा रंग. कशाने साफ करू? आई म्हणते तांब्याच्या भांड्यासारखं चिंच-मीठ लाव.
— एक वाचक, कसबा बावडा

आधी ब्लॉकचा तळ नुसत्या तांब्याचा आहे की वर निकेलचा चंदेरी मुलामा आहे ते पाहा. निकेल असेल तर कोणतंही आंबट लावायचं नाही. कोमट पाणी, भांडी धुवायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश, पात्यांच्या दिशेने. आडवा ब्रश फिरवला तर पाती वाकतात. टाचणी घालून कोरू नका.

नुसतं तांबं असेल तर आईंचा अर्धा सल्ला बरोबर आहे. आंबट चालतं, मीठ नको. मिठातलं क्लोराईड पात्यांच्या बेचक्यात राहिलं की नंतर तिथेच गंज सुरू होतो. साधं पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. घासायची पावडर वापरू नका, तिचे कण पात्यांत अडकून बसतात. ॲक्रिलिकच्या झाकणाला स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावू नका, बारीक तडे जातात आणि ते महिन्याभराने गळायला लागतात. जोडताना आतली जेटची पट्टी पहिल्यासारखी बसली आहे ना, आणि ओ-रिंग खोबणीत पूर्ण गेली आहे ना, हे पाहूनच स्क्रू आवळा.

पांढरा थर बहुधा नळीतून आलेला आहे. नळी तीच ठेवून फक्त ब्लॉक धुतलात तर पुढच्या वर्षी हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. हिरवा रंग कापडाला लागून पुसला जात असेल तर शेवाळ. धातूला घट्ट धरून असेल तर तांब्याचा गंज, म्हणजे द्रवातलं गंजरोधक संपलेलं आहे.

आमचं स्वतःचं लेथचं काम आहे. फिटिंग ऑनलाइन महाग पडतात. पाव इंची न्यूमॅटिक फिटिंग इथे गल्लोगल्ली मिळतात, ती का चालू नयेत? आणि बाइकचा रेडिएटर लावला तर?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

तुम्ही आट्यांची भाषा जाणता, म्हणून थेट सांगतो. पीसीची फिटिंग जी १/४ असतात, म्हणजे समांतर बीएसपी, इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१५७ मिलिमीटर. पाणी आट्यांनी अडत नाही, खांद्याखालच्या ओ-रिंगने अडतं. न्यूमॅटिक दुकानात मिळणारी बहुतेक फिटिंग आर १/४ असतात, निमुळती, वर टेफ्लॉन लावलेली. ती आट्यांत पाचरीसारखी आवळली जातात. पितळी तोंडात एखाद वेळी निभावतं, ॲक्रिलिकमध्ये तोंडच चिरतं. एनपीटी तर बसणारच नाही, तिचे आटे इंचाला १८.

समांतर आट्यांची आणि ओ-रिंगची मिळाली तरी आट्यांची लांबी मोजा. पीसीच्या फिटिंगचे आटे पाचएक मिलिमीटर असतात, हायड्रॉलिकचे दहा-बारा. लांब आटे ब्लॉकच्या तळाला आधी टेकतात आणि ओ-रिंग दाबलीच जात नाही. लेथवर लांबी कमी करता येईल, पितळच घ्या. निकेलचा मुलामा असेल तर कापलेल्या टोकाशी उघडं पितळ राहतं, त्याने काही बिघडत नाही. फिटिंग हाताने घट्ट, आणि वर पान्याने फार तर पाव फेरा.

बाइकचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. तुमचे ब्लॉक तांब्याचे. दोन्ही एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. गंजरोधकाने हे लांबतं, थांबत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त रेडिएटरांतही ॲल्युमिनियम बरंच असतं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने फार हलका लागला तर शंका घ्या, आणि वर्णनात तांबं किंवा पितळ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

गेम चालू केला की पंखे वर-खाली घुरघुरतात. कर्व्ह बदलून थकलो. हिवाळ्यात बरं असतं, एप्रिलमध्ये सतत फुल.
— एक वाचक, इचलकरंजी

तुमचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंख्याचा किती वेग ही सेटिंग, प्रोसेसरच्या तापमानावर लावलेला आहे, म्हणून. प्रोसेसर सेकंदात २० अंश उडी मारतो, पाणी मारत नाही. पंख्यांचं काम पाणी गार करणं, तर त्यांना पाण्याचंच तापमान दाखवा. जी १/४ चा, १० किलोओहमचा सेन्सर प्लग लूपच्या रिकाम्या तोंडात लावा आणि त्याची दोन पिनची तार बोर्डवरच्या टी-सेन्सर हेडरला द्या. बोर्डवर तो हेडर नसेल तर वेगळा फॅन कंट्रोलर लागेल.

एप्रिलचं दुखणं वेगळं. डिसेंबरमध्ये खोली २० अंशांवर असताना ‘पाणी ४० ला गेलं की फुल’ असं ठरवलं, तर एप्रिलमध्ये खोलीच ३५ वर असताना पाणी कायम ४० च्या वरच असणार. म्हणून समोरच्या पंख्यापुढे हवेचा दुसरा सेन्सर ठेवा आणि दोन्हींच्या फरकावर कर्व्ह लावा. फॅनकंट्रोल या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन सेन्सरांची वजाबाकी करता येते. फरक ५ अंशांपर्यंत ५०० फेऱ्या, १० ला ९००, १५ ला पूर्ण. पंप कर्व्हवर लावू नका, एकाच वेगावर ठेवा. डी५ ला ६० टक्के बहुतेक लूपमध्ये पुरतात. पंपाची वेगाची तार सीपीयू फॅनच्या हेडरला द्या, म्हणजे पंप बंद पडला तर बोर्ड सुरू होतानाच ओरडेल.

लाइट गेली की पंप थांबतो. आतलं गरम पाणी तिथेच राहून प्रोसेसर जळेल का? यूपीएस किती घ्यावा?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

नाही जळणार. लाइट गेली की उष्णता तयार होणंही थांबतं. यूपीएस पाण्यासाठी नाही, कामासाठी घ्या. भार ६०० वॅटचा असेल तर ९०० वॅट लिहिलेला, साधारण १५०० व्हीएचा. व्हीए पाहून घेऊ नका, वॅट पाहा. आणि प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह चांगल्या एसएमपीएसना कधीकधी मानवत नाही, आणि नेमक्या बदलाच्या क्षणी मशीन बंद पडते.

रायझन ७ ७८००एक्स३डी आहे, फक्त गेम खेळतो. कस्टम लूप करावा का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

प्रोसेसरसाठी नको. गेममध्ये तो शंभर वॅटच्या खालीच राहतो, बऱ्यापैकी टॉवर कूलर पुरतो. कार्ड ३०० वॅटच्या वरचं असेल आणि आवाजाचा खरोखर त्रास होत असेल, तर पाण्याचा फायदा तिथे दिसतो. वर्षातून एक रविवार लूप रिकामा करून धुण्यात जाणार हे मान्य असेल तर करा.